जागच्या जागी

"वैनी, ह्यात फायरिंग पिनच नाही. ह्यातनं गोळी उडायचीच नाही," धाकटा दीर म्हणाला. भावाचं तेरावं कालच उरकलं होतं आणि त्याची परवान्याची रायफल आज ठाण्यात जमा करायची होती. घरात अवजारं नव्हती, म्हणून शिलाई मशीनच्या छोट्या स्क्रू ड्रायव्हरवर भागवत त्यानं साफ करायला रायफलीचा बोल्ट काढून वर्तमानपत्रावर खोलला होता.

ती उठली. मशीनच्या खणातून, बॉबिनींखालून, चिंधीत गुंडाळलेली पिन आणून तिनं त्याच्यापुढं ठेवली.

"फौजेतनं आले तेव्हा रात्र रात्र ही रायफल मांडीवर घेऊन बसायचे. मला भीती वाटली. एकदा त्यांचा डोळा लागला, तशी पिन काढून घेतली." नवरा गेल्यापासून ती अशीच बोलत होती, दुसऱ्या कुणाचं सांगितल्यासारखी.

दिरानं पिन पुसून आत सरकवली आणि स्वतःच्या तेलकट बोटांकडं बघत थांबला. "आत सगळीकडं तेल आहे. बोल्ट खोलल्याशिवाय ते इथं पोचत नाही, वैनी. दादा दरवर्षी खोलत असणार."

दर खंडेनवमीला नवरा आतल्या खोलीत बसून रायफल पुसायचा. तिला वाटायचं, वरवरच पुसतात. मग पाटावर ठेवून म्हणायचा, "घाल हळदकुंकू. सगळं जागच्या जागी आहे." त्याला कळलेलं नाही म्हणून ती सुटकेचा श्वास सोडायची आणि झेंडूची माळ चढवायची.

बोल्ट खटकन बसला.

"झालं, वैनी. सगळं जागच्या जागी."

"हळदकुंकू आणते," म्हणत ती उठली आणि देवघरापाशी जाऊन तशीच उभी राहिली.