उद्याचं पेट्रोल

हँडल पाचव्यांदा फिरवलं तरी ट्रॅक्टर खोकलासुद्धा नाही. माणिकराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. पंचाहत्तरीच्या माणसाने तेवढा दम घ्यावाच. पण देवानंद, त्यांचा मुलगा, ओसरीवरून उतरताना दिसला आणि त्यांनी सहावा फेरा घाईनेच मारला.

"बाबा, थांबा. वाटी पाहू द्या."

ट्रॅक्टर देवानंदपेक्षा जुना. त्याला दोन टाक्या, लहान पेट्रोलची आणि मोठी रॉकेलची. पेट्रोल थंड इंजिनातही पेट घेतं, रॉकेलला आधी ऊब लागते. म्हणून सकाळी पेट्रोलवर सुरू करायचा, तापला की इंधनाच्या नळीवरचा कॉक रॉकेलकडे फिरवायचा, आणि संध्याकाळी बंद करण्याआधी पुन्हा दोन मिनिटं पेट्रोलकडे. म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत उद्यासाठी पेट्रोल उरतं. हे चुकलं की दुसऱ्या दिवशी खांदा निखळेपर्यंत हँडल मारा, उपयोग नाही. एक वेळ जेवण विसरेन, जावयाचं नाव विसरेन, पण कॉक नाही, असं माणिकराव छाती ठोकून सांगत. आणि जावयाचं नाव ते खरंच विसरत.

गेल्या महिन्यात बोथच्या बाजारातून निघालेले माणिकराव घरी यायचे ते बसने भलत्याच गावी, गुडीहत्नूरला जाऊन उतरले आणि दोन तास तिथेच बसून राहिले. तेव्हापासून देवानंदची एकच अट होती: ज्या दिवशी कॉक विसराल, त्या दिवशी हँडल माझ्याकडे.

त्याने वाटी खोलली, बोट बुडवलं, वास घेतला. मग ते बोट वडिलांच्या नाकाशी नेलं.

रॉकेल.

माणिकरावांनी कालची संध्याकाळ आठवून पाहिली. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेलं वावर आठवलं, नाल्याचा चढ आठवला. अंगणात आल्यानंतरचं काहीच आठवेना. ते घाबरले. मुलाकडे न पाहता त्यांनी हँडल पुढे केलं.

"मीच बंद केला काल," गोठ्याकडून आवाज आला. कौशल्याबाई शेणाच्या हातांनी तशाच बाहेर आल्या.

"तू, माय?"

"मंग? हे फोनवर बोलता बोलता तिकडं भिंतीकडं गेले. ट्रॅक्टर आपला फुकट धडधडून राह्यला होता. देल्ला बंद करून. मले काय माईत तुमचा कॉक न फॉक!"

देवानंदने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "बरं. आता हात नको लावत जाऊ त्याले," एवढंच म्हणून त्याने वाटी रिकामी करून बसवली आणि तो प्लग खोलायचा पाना आणायला घरात गेला. हँडल माणिकरावांच्या हातातच राहिलं.

त्यांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी हळूच विचारलं, "देवाची माय, बंद कसा केला तू?"

"कसा म्हंजे? चावी फिरवून."

या ट्रॅक्टरला चावी कधी नव्हतीच. बंद करायला बॉनेटखाली हात घालून लोखंडी पट्टी दाबून धरावी लागे. कौशल्याबाई बोटांवरचं शेण खरवडत राहिल्या. माणिकराव त्यांच्याकडे बघत राहिले.

"इकडं ये," ते शेवटी म्हणाले. त्यांनी कॉक दाखवला. "पाहून ठेव. असा आडवा म्हंजे रॉकेल. असा उभा केला का पेट्रोल."

"मी काऊन पाहू?"

"मी विसरून राह्यलो, कौशल्या."

पन्नास वर्षांत त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. कौशल्याबाईंनी पदराला हात पुसले आणि नीट वाकून पाहिलं.

संध्याकाळी नाल्याच्या चढावर धडधड ऐकू आली तशी त्यांनी चुलीवरचा तवा उतरवला आणि त्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर आत शिरला, जागेवर थांबला. माणिकरावांचा हात बॉनेटखाली गेला. मग ते थबकले आणि त्यांनी वर पाहिलं.

कौशल्याबाईंनी ज्वारीच्या पिठाने माखलेला हात वर केला आणि हवेतच आडव्याचा उभा केला.

माणिकरावांनी कॉक फिरवला. वाटीतलं रॉकेल जळून पेट्रोल यायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ दोघं तिथेच थांबली.