टिचकी

कुंडी विकण्याआधी दुकानवाली तिला टिचकी मारून बघायची. खणखणीत वाजली तर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. बद्द वाजली तर "हिला तडा गेलाय," म्हणून बाजूला काढायची.

त्या दुपारी एका बाईंसमोर तिनं मातीच्या मोठ्या कुंडीला टिचकी मारली. लगेच दुसरी ऐकू आली.

"अहो, पुरे झाला चावटपणा!"

"मी बाहेर रोपांना पाणी घालतोय," नवरा अंगणातून ओरडला.

तिनं बाईंकडे संशयानं पाहिलं. त्यांचे दोन्ही हात पिशवीवर होते.

"आतून आली," बाई पुटपुटल्या आणि चालत्या झाल्या.

"काहीतरीच!" म्हणत तिनं रिकाम्या कुंडीत डोकं घातलं.

कपाळावर टिचकी बसली. आवाज बद्द आला.

"हिला तडा गेलाय," आतून कुणीतरी म्हणालं.