बॅटरीची बैठक

बॅटरीच्या दोन्ही अंगांना चकाकी आली होती.

फिटर साखळीला तेल द्यायला म्हणून खाली बसले होते, ते तसेच थांबले. कारखाना सुटून सहा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना फिटरच म्हणत. सुनेची जुनी सायकल त्यांनी घरच्या घरी विजेवर चालती केली होती. मागच्या चाकात मोटर, सांगाड्याच्या मधल्या त्रिकोणात बॅटरी. सून नर्स होती; दिवसभर घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायची. वाटेत दोन चढ होते, दम काढणारे.

बॅटरीची पेटी काळी, खरखरीत. पण डावीकडे एक आणि उजवीकडे एक, तळव्याएवढी जागा तुळतुळीत झाली होती. हातोडीचा दांडा वापरून वापरून होतो तशी.

त्यांनी पेटीला हात लावून पाहिला. ती डुलली. बोटभर इकडे, बोटभर तिकडे.

सून खांद्याला पिशवी अडकवून बाहेर आली.

"जरा बस बघू सायकलवर," फिटर म्हणाले.

ती बसली. पाय पायडलवर जायच्या आधीच तिचे दोन्ही गुडघे आत वळले आणि त्यांनी बॅटरी घट्ट धरली. तिच्या ते ध्यानातही आलं नाही.

"किती दिवस?"

"काय, बाबा?"

"गुडघ्यांनी धरतेस ती."

सून हँडलकडे बघत राहिली. "दुसऱ्या दिवसापासून. खड्ड्यात चाक गेलं की एका बाजूला कलते. धरली की राहते नीट. आता सवय झालीय."

"आणि मला सांगायचं नाही?"

"महिनाभर खपलात तुम्ही हिच्यावर. येईल-जाईल त्याला हात धरून दाखवत होतात. कुठल्या तोंडाने सांगू?"

आपल्या कामाच्या बाबतीत फिटरनी जन्मात कधी नाकावर माशी बसू दिली नव्हती. तिला काहीतरी लागेल असं बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात बॅटरीमागची वायर त्यांना दिसली. पेटी डुलून डुलून वायर सांगाड्याच्या नळीवर घासली होती. आवरण सोलवटून आतलं तांबं डोकावत होतं.

त्यांनी बोटाने ती जागा दाखवली.

"अजून चार दिवस गेले असते, तर तू बसलेली असतानाच हिने पेट घेतला असता."

सून हळूच खाली उतरली.

"आज नवऱ्याबरोबर जा," फिटर म्हणाले. "सायकल इथे राहू दे."

ती गेल्यावर त्यांनी बॅटरी सोडवली आणि ती आवळणाऱ्या दोन्ही पट्ट्या हातात घेऊन ते पायरीवर बसून राहिले. चूक त्यांना पेटी डुलली तेव्हाच कळली होती. चार किलोंचं ओझं त्यांनी नळीला दोन पट्ट्यांनी नुसतं टांगलं होतं. पट्टीने धरायचं असतं, पेलायचं नसतं. कारखान्यात किती जणांना त्यांनी हे दरडावून सांगितलं होतं! पण "बाबा, आता या वयात कशाला हा उद्योग?" असं मुलगा म्हणाला, आणि फिटरना सायकल फिरती करून दाखवायची घाई झाली. बाकी काही नाही. घाई.

मग त्यांनी पोलादाची जाड पट्टी घेतली, शिकंज्यात धरून वाकवली आणि खालच्या दोन नळ्या मिळतात त्या कोपऱ्यात बॅटरीसाठी बैठक केली. नळीला भोक पाडलं नाही. भोक पडलं की नळीचं बळ गेलं. बैठक दोन्ही नळ्यांना क्लॅम्पने आवळली. खाली रबर घातलं. बॅटरी तिच्यावर टेकवली, मग पट्ट्या, त्याही आता उसळी अडवण्यापुरत्या. आतून नायलॉनचं कडं असलेले नट लावले, धक्क्यांनी सैल न होणारे. वायर नवी घातली, तिला थोडी ढील ठेवली आणि नळीपासून दूर बांधून टाकली.

पुढचं चाक उचलून त्यांनी जमिनीवर आपटलं. पुन्हा आपटलं. बॅटरी हलली नाही. तरी समाधान होईना, म्हणून ते स्वतःच सायकलवर बसले. शेजारच्या मास्तरांनी खिडकीतून विचारलं, "फिटर, कुठे निघालात?"

"खड्डे शोधायला."

मास्तर हसले. फिटर हसले नाहीत. उखडलेल्या रस्त्याच्या टोकापर्यंत ते गेले, आले, पुन्हा गेले. कंबर धरली. परत येऊन प्रत्येक नटाला पाना लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून सायकलवर बसली आणि तिचे गुडघे पुन्हा आत वळले.

"सोड," फिटर म्हणाले. "तिचं ओझं तिच्या बैठकीवर आहे आता."

ती अवघडून निघाली. कोपऱ्यापर्यंत गुडघे कुठे ठेवावे हेच तिला कळत नव्हतं.

दिवसभर फिटरनी दहा वेळा दार उघडलं. संध्याकाळी सायकल फाटकात शिरली, तेव्हा ते पुढे झाले नाहीत. पायरीवर बसून राहिले.

सुनेने पिशवीही खाली ठेवली नाही. "बाबा, बॅटरी जागची हलली नाही. पण मागचा ब्रेक कुरकुरतोय. आणि घंटी फार लांब बसवलीत, अंगठाच पोचत नाही माझा."

"अगं, आल्या आल्या तक्रारी?" मुलगा आतून म्हणाला.

"बोलू दे तिला," फिटर म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला, पाना घेतला आणि सायकलीजवळ मांडी ठोकली. "हं. अजून काय?"