ताईकडून आलेलं

कोलंबीचं कालवण पानात असतानाच हेरंबच्या मानेवर गांधी उठल्या. बघता बघता त्या गालावर चढल्या आणि त्याच्या बायकोचा घास हातातच राहिला. वर्षापूर्वी हेरंबला त्याच्या ताईची अस्थिमज्जा दिली होती. ती त्याच्या शरीरावर उलटली तर अंगावर आधी पुरळच येतं, हे बायको तेव्हापासून विसरली नव्हती. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“श्वासाचा त्रास नाही ना? मग ॲलर्जीची गोळी द्या, लक्ष ठेवा. खाल्लं काय?”

“कोलंबी. पथ्य सुटल्यावर आज पहिल्यांदाच. पण डॉक्टर, ह्यांना ती कधीच बाधली नव्हती हो!”

“बहिणीला बाधते का?”

शेजारी वरणभात कालवत बसलेली ताई म्हणाली, “जन्मापासून.”

“मग ही ॲलर्जी बहुतेक मज्जेबरोबर तुमच्याकडूनच आलीय. क्वचित होतं असं. उद्या तपासू. पण घाबरू नका, परवाचे रिपोर्ट उत्तम आहेत, मज्जा छान रुजलीय. कोलंबी मात्र विसरायची.”

बायको डाव्या हाताने डोळे पुसत हसायला लागली. हेरंब मान खाजवत म्हणाला, “ताई, द्यायला दुसरं काही सापडलं नाही तुला?”

“मेल्या, फुकट घेतोस आणि वर नावं ठेवतोस?” ताईने कालवणाची वाटी उचलून भावजयीपुढे ठेवली आणि त्याला वरणभात वाढला. “लिंबू पिळ. समोर कोलंबी असताना हे कसं गिळायचं, ते मी शिकवते.”