तुरटी लागली नाही

या हो, असे पुढे सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. गोष्ट लहानशीच आहे, पनवेलच्या एका मिठागरवाल्याच्या ओटीवरची.

गणू न्हावी मालकांची, तात्यासाहेबांची दाढी करत होता. तात्यांना शिंक आली आणि वस्तरा लागला. रक्ताचा ओघळ पार सदऱ्यापर्यंत गेला. दोनदा तुरटी फिरवली तेव्हा कुठे थांबलं.

"कापलंस ना मेल्या," तात्या हसले. मग त्यांची नजर पायरीखाली गेली.

तिथे तुळशीराम मुकादम उभा होता. उधाणात मिठागराचा बांध फुटला, तेव्हापासून रोज सकाळी येऊन उभा राही. कामावर ठेवणार की काढणार, तात्या सांगत नव्हते. आज नववा दिवस.

"दाढी वाढवून दारात उभा राहतोस? सुतक आलंय का माझ्या घरी? गणू, खरड याचीही."

तुळशीराम अंगणातच उकिडवा बसला. त्याच्याच हाताखालची माणसं बघत होती. वस्तरा हनुवटीखाली आला आणि वरून आवाज आला, "दुसरा मुकादम बघून ठेवलाय मी."

तुळशीराम दचकला. पातं चांगलंच खोल गेलं.

गणूने तुरटी उचलली, पण लावायची कशाला? रक्त आलं ते थेंबभर, आणि जागच्या जागी दाटलं.

"आमच्या रगताला बी सवय झालीय," तुळशीराम पुटपुटला. "वरून वरडलं का तिथंच थांबतं."

गणूला हसू आलं नाही. भ्यालेल्या माणसाचं रक्त असं दाटतं, त्याला आधी बसवावं, पाणी द्यावं, असं त्याचा बाप सांगायचा. तुळशीराम डावा दंड चोळत होता.

"हाताला काय झालं रं?"

"काय नाय. सकालधरनं जड लागतोय."

गणू मान वर न करता म्हणाला, "तात्या, याला जरा बसू द्या. पाणी द्या कुणीतरी."

"बांध फुटला तेव्हा बसलाच होता की. ऊठ रे."

तुळशीराम उठला. टोपी हातात धरून पायरीखाली पुन्हा उभा राहिला. ऊन चढत होतं.

तुळशीरामाच्या दहाव्याला, खाडीच्या काठावर, गणूने त्याच वस्तऱ्याने त्याच्या थोरल्या मुलाचं डोकं भादरलं. एकदाही लागू दिलं नाही.

आता घरी जाल तेव्हा तुमच्याही पायरीखाली कुणी उभं असेल. तुळशीरामाची तेवढी आठवण ठेवा.