न लावता उगवलेलं

"न लावता उगवतं ते तण," म्हणत सासूबाई कुंपणालगतची माझी रानफुलं दरवर्षी मुळासकट उपटायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. त्यांना न विचारता मुलानं घरात आणलेली सून ना मी.

यंदा उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या गुलाबांना पाणी घालायचं माझ्याकडून राहून गेलं. त्यांचा पलंग मात्र मी आठवणीनं कुंपणाकडच्या खिडकीशी सरकवला.

पावसाळा सरता सरता एकदा त्यांनी मान वळवली. "ते जांभळं काय फुललंय गं?"

"तण आहे, आई. उपटून टाकू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "राहू दे."

आता रोज सकाळी चहा देताना मी विचारते, "उपटून टाकू?" पहिल्यांदा नीट ऐकू आलं, तरी त्यांना "राहू दे" दोनदा म्हणायला लावते.