मागचं उजवं चाक

“आई, तुम्ही बसलात की हा दिवा लागतो,” जावई म्हणाला.

तो आपला सहज बोलून गेला. पण मागच्या सीटवर उजवीकडे बसलेल्या सासूबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. पुढे शेजारी बसलेल्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की गाडी थांबवून उतरावं असं त्याला वाटलं.

दिवा मात्र खरंच लागला होता. पडद्यावर स्पष्ट लिहून आलं होतं : मागच्या उजव्या चाकात हवा कमी. गाडी निघायची ती फक्त गुरुवारी, सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला न्यायला. दोन गुरुवार त्याने घरच्या पंपाने त्या चाकात हवा भरली होती. तरी दिवा हजर. मग वजनाशिवाय दुसरं कारण काय असणार?

पुढच्या गुरुवारी सासूबाई कोणाला न सांगता, काठी टेकत बसने निघून गेल्या. बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या पुढ्यात ताट ठेवताना ती ते जरा उंचावरूनच सोडू लागली.

त्यानंतरच्या गुरुवारीही सासूबाई बसनेच गेल्या, तेव्हा शेवटी त्यांना दवाखान्यातून आणायला तो एकटाच गाडी घेऊन निघाला. मागची सीट रिकामी. दिवा लागलेलाच. त्याने गाडी तडक पंक्चरवाल्याकडे नेली.

पंक्चरवाल्याने मागच्या उजव्या चाकावर बुक्की मारली आणि हात झटकला. चाक दगड झालं होतं. मग तो पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवा बसला. त्यात खिळा होता.

“एवढ्यात चाकं फिरवलीत का?”

“मीच, घरी. पुढची मागे, मागची पुढे. सारखी झिजावीत म्हणून.”

“हवा मोजणारा सेन्सर चाकातच असतो, साहेब. चाकाबरोबर तोही पुढे आला. गाडीला ते कोणी सांगितलंच नाही, ती अजून त्याला मागचाच समजते. बसलंय ते तुमच्या खालचं चाक.”

जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिळा निघताच तो दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर पोचला. सासूबाई बाकावर दोन बायकांच्या मध्ये बसून खळखळून हसत होत्या. त्याला पाहिलं आणि हसू मावळलं. त्याने खालमानेने सगळं सांगून टाकलं.

“चूक माझी होती, आई. तुमच्या वजनाचा काही संबंध नव्हता. पुढच्या गुरुवारपासून पुन्हा मीच सोडेन.”

सासूबाई काठी टेकत उठल्या. त्याला चार पावलं बाजूला घेऊन गेल्या.

“घरी सांगितलंत हे?”

“अजून नाही.”

“मग नका सांगू,” त्या हळूच म्हणाल्या. “तुम्ही गाडी चालवता तेव्हा मी डोळे घट्ट मिटून बसते, जावईबापू. दोन वर्षं निमित्त शोधत होते.”